वहीला आधी कळले होते

दिवाळीत कामशेतच्या आमच्या दुकानात वहीपूजन होते. हिशेब संगणकावर गेल्याला बरीच वर्षे झाली. तरी लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही दरवर्षी आणली जाते, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते आणि पहिली ओळ घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हातून लिहून घेतली जाते. दोन दिवाळ्यांपूर्वी माझ्या आजोबांनी, ज्यांना आम्ही सारे दादाजी म्हणतो, लेखणी हातात घेतली, वहीकडे पाहिले आणि हळूच मला विचारले, "बेटा, हे दुकान कोणाचे?"

दुकानात गिऱ्हाईक होते. पप्पा मोठ्याने हसून म्हणाले, "बाबूजी आज थट्टेच्या लहरीत आहेत." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. कारण वृद्धांचा स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, हाच माझ्या कामाचा विषय आहे.

गेली चार वर्षे मी पुण्यातील एका संस्थेत या विषयावर संशोधन करते आहे. आठवड्यातील तीन दिवस नाणे मावळ व पवन मावळातील गावांत आणि कामशेत-लोणावळ्याच्या बाजारपेठांत साठीपुढील माणसांना भेटते. एका भेटीला दोन-अडीच तास लागतात. प्रथम त्या वृद्ध व्यक्तीशी बोलायचे: आज वार कोणता, मघाशी सांगितलेले तीन शब्द कोणते, ही वस्तू काय. मग घरातील दुसऱ्या कोणाशी तरी स्वतंत्रपणे बोलायचे: हे पूर्वी जी कामे करीत, ती आज करू शकतात का? बदल कधीपासून जाणवला? आमच्या शास्त्रात हा दुसरा माणूस फार मोलाचा. आजचा माणूस आणि पूर्वीचा तोच माणूस यांची तुलना केल्याशिवाय हा आजार ओळखता येत नाही, आणि पूर्वीचा माणूस केवळ घरच्यांनाच ठाऊक असतो.

या कामाची गरज किती, हे एका संशोधकगटाच्या नावावरूनच कळेल. १९९८ साली कोची येथे जमलेल्या संशोधकांनी आपल्या गटाला '१०/६६' असे नाव दिले. जगातील स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत राहत होते आणि लोकवस्तीत जाऊन केलेल्या संशोधनाचा १० टक्केही वाटा त्यांच्या पदरी नव्हता, हा त्या नावाचा अर्थ. त्यानंतर आपल्या देशात बरेच काम झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार साठीपुढील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असे आढळले. असा एकेक आकडा निघतो, तेव्हा कोणीतरी हजारो उंबरठ्यांवर उभे राहिलेले असते. ते बहुधा माझ्यासारखे, तिशीच्या आसपासचे आणि कंत्राटी नेमणुकीवरचे असतात.

उंबरठ्यावर पहिली अडचण येते ती प्रश्नांचीच. जगभर वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करायचे असतात, एक वाक्य लिहायचे असते, एक आकृती पाहून काढायची असते. नाणे मावळातील ज्या आजीने आयुष्यात पेन्सिल धरली नाही, पण चाळीस वर्षे भाताची लावणी आणि घरचा संसार तोलून धरला, तिला त्या आकृतीवरून जोखणे हा अन्याय आहे. म्हणूनच १९९०च्या दशकात हरियाणातील बल्लभगढ येथे निरक्षर वृद्धांसाठी त्या चाचणीचे हिंदी रूप घडवले गेले. त्यात शंभरातून सात न काढता वीसातून तीन-तीन वजा करतात. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सविस्तर चाचण्यांचा संच सिद्ध केला, तो प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत झाला. एखादी चाचणी मराठीत आणायची तर शब्द बदलून भागत नाही. प्रत्येक शब्द मावळातल्या माणसाच्या कानाला ओळखीचा आहे की नाही, हे शेकडो माणसांत बसून पाहावे लागते.

व्यापाऱ्यांच्या बाबतीत घोटाळा उलट्या दिशेने होतो. लोणावळ्यात चिक्कीचा व्यवसाय केलेल्या एका आजोबांनी माझे वाक्य पुरे होण्याआधीच त्र्याण्णव, शह्याऐंशी, एकोणऐंशी असे सांगून टाकले. साठ वर्षांच्या तोंडी हिशेबाची ती सवय होती. पण महिना कोणता ते त्यांना सांगता आले नाही आणि अर्ध्या तासात त्यांनी मला चार वेळा विचारले, "आपण कोठून आलात?" त्यांच्या चिरंजीवांना मी जेव्हा विचारले की, हे कधीपासून, तेव्हा त्यांनी माझ्यापुढचा कागद हलकेच उलटा केला. म्हणाले, "ताई, हे लिहू नका. बाजारात अजून बाबांच्या शब्दावर माल येतो."

मी त्यांना दोष देऊ शकले नाही. व्यापारी घरात पत हीच पुंजी असते. म्हातारा विसरतो असे एकदा बाजारात झाले, की देणेकरी लांबतात आणि घेणेकरी दारात येतात. नोकरदार घरात हा आजार दुःखाचा असतो. आपल्या घरात तो दुःखाचा असतोच, शिवाय धोक्याचाही वाटतो. म्हणून आपण त्याला 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हसण्यावारी नेतो, किंवा 'वय झाले' म्हणून झाकतो.

आमच्या पेशातील व्यवहाराबद्दलही सांगितले पाहिजे, कारण आपल्या घरांतून आता अनेक मुले-मुली संशोधनाकडे वळत आहेत. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राच्या नियमाप्रमाणे कनिष्ठ फेलोशिप दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठ ४२,००० रुपये आहे. रक्कम अगदीच तुटपुंजी नव्हे. पण ती कधी तीन-तीन महिने येत नाही आणि मग एकदम येते. प्रकल्पाची मुदत तीन वर्षे. पावसाळ्यात मावळात काम जवळपास थांबते. लावणीच्या दिवसांत घरी कोणी सापडत नाही, मग पुढे कापणी येते. तीन वर्षांतले हाती लागतात ते महिने थोडे. उलट, या आजाराचे मेंदूतील बदल लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधी सुरू झालेले असतात. वीस वर्षांच्या आजाराचा पाठलाग तीन वर्षांच्या कंत्राटावर करायचा, असा हा ताळेबंद आहे. माझ्याबरोबर लागलेल्या चौघांपैकी दोघे परदेशी गेले, एकीने औषध कंपनीत नोकरी धरली. ज्या घरी एकदा जाऊन आलो, तेथे दोन वर्षांनी पुन्हा जाणे आवश्यक असते. पण तोवर विश्वास कमावलेला चेहराच बदललेला असतो.

आणि सर्वांत कठीण प्रश्न गावातली माणसे विचारतात: "मग तुम्ही देता काय?" औषधाने आजार मागे फिरेल असे वचन मी देऊ शकत नाही. डॉक्टरकडे जाण्याची चिठ्ठी देते, घरच्यांना चार गोष्टी समजावते आणि निघते. परतीच्या लोकलमध्ये पुष्कळदा वाटते, की आपण फक्त घेतो, देत काहीच नाही.

पप्पांचा प्रश्न जवळपास हाच होता, फक्त त्यांच्या भाषेत: "तीन वर्षांनी तुझ्या दुकानात माल काय असणार?" त्यावर एकदा मी आमच्याच दुकानातील इंद्रायणीच्या पोत्याकडे बोट दाखवले. हा तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याआधी किती हंगाम कोणीतरी ओंबी-ओंबी निवडत बसले असेल! त्यांनी पेरले, आपण तीन पिढ्या विकतो आहोत. पप्पा काही बोलले नाहीत; पण त्यानंतर तो प्रश्न पुन्हा आला नाही.

त्या दिवाळीनंतर भाऊबीजेला मी माळ्यावरच्या जुन्या वह्या काढल्या. २०१९ पर्यंत रोजमेळ दादाजी स्वतः लिहीत. घरात सर्वांचे म्हणणे असे, की विसरणे २०२१ मध्ये सुरू झाले. देरासरातून परतताना ते रस्ता चुकले, तेव्हापासून. मी पाने मागे-मागे उलटत गेले. २०१८ मध्ये एकाच शेतकऱ्याची उधारी दोनदा नावे पडलेली. २०१७ च्या पावसाळ्यात आदल्या दिवशीची अखेरची शिल्लक आणि दुसऱ्या दिवशीची आरंभीची शिल्लक यांचा मेळ नाही, तोही महिन्यातून चार-पाच वेळा. २०१६ च्या वहीत मात्र एकही खाडाखोड नाही. आणि २०१७ नंतरच्या प्रत्येक चुकीशेजारी हिरव्या शाईत बारीक अक्षरात दुरुस्ती होती. ते अक्षर मुनीमजींचे.

मी त्यांना विचारले. ते खाली पाहत म्हणाले, "जीएसटी नवीन आला होता, वाटलं त्यानं गोंधळले असतील. पुढं कळलं. पण बेटा, मालकाची चूक दाखवायची नसते, दुरुस्त करायची असते."

चार वर्षे! घराला कळण्याआधी चार वर्षे वहीला कळले होते आणि आमच्या सर्वांच्या आदराने ते झाकून ठेवले होते. त्या रात्री मला माझे भरलेले शेकडो कागद आठवले. ज्यांवर मी 'सुरुवात: दोन वर्षांपूर्वी' असे लिहिले, त्यांतील किती घरांत ती प्रत्यक्षात सहा वर्षांपूर्वी झाली असेल? घरच्यांच्या एका उत्तरावर आमचे सारे शास्त्र उभे असते आणि ते उत्तर मायेने, भीतीने वा पतीच्या काळजीने मागे-पुढे झालेले असते. एका वहीवरून निदान होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या हिरव्या शाईने मला जे शिकवले, ते कोणत्याही कार्यशाळेत शिकले नव्हते.

आम्ही दादाजींना पुण्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितले. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्व कमी असणे सर्रास आढळते, आणि त्यानेही स्मरणशक्ती मंदावते. थायरॉईडच्या कमतरतेनेही तसेच होते. ही कारणे उपचाराने सुधारू शकतात, म्हणून ती प्रथम पाहायची. दादाजींचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडी तरतरी आली. मूळ आजार मात्र राहिला. लवकर गेलो असतो, तर तेवढी चार वर्षे तरी त्यांना बरी गेली असती.

दुसरी गोष्ट आम्हांला वकिलांनी सांगितली. मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, की भारतीय करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार ते मुखत्यारपत्र संपते. मृत्युपत्रही स्थिर बुद्धीनेच करावे लागते. म्हणजे ज्या पतीसाठी आपण आजार झाकतो, तिचाच कायदेशीर आधार झाकण्याच्या काळात निसटून जातो.

दादाजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नाही, पण प्रतिक्रमणाची सूत्रे एकही अक्षर न चुकता म्हणतात. यामुळेही आम्ही फसलो. ज्याला एवढे पाठ आहे, त्याची स्मृती कशी जाईल, असे वाटे. लहानपणी मुरलेले पाठांतर शेवटपर्यंत टिकते, नवे साठवण्याची शक्ती आधी जाते. घरात मारवाडी, गल्ल्यावर मराठी, मुंबईच्या पेढीशी गुजराती असे त्यांचे आयुष्य गेले. डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या हैदराबादेतील २०१३ च्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्या रुग्णांत लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. दादाजींना त्या भाषांनी किती वर्षे दिली, हे एका माणसाबाबत सांगता येत नाही. पण गल्ल्यावर बसलेली पोरे आता घरची भाषा विसरत चालली आहेत, हे पाहून मला ते आठवते.

संध्याकाळी जेवून उठल्यावर थोड्या वेळाने ते म्हणतात, "मी अजून जेवलो नाही." साठ वर्षांचा चौविहार मोडेल म्हणून दादी पूर्वी रडत असे. आता ती त्यांना खिडकीशी नेते आणि एवढेच म्हणते, "पाहा, दिवस मावळला." ते लगेच हात जोडतात आणि शांत होतात. वाद घालू नये, त्यांना ओळखीचे काही दाखवावे, हे आम्ही प्रशिक्षणात शिकतो. दादीला ते कोणी शिकवले नव्हते.

गेल्या दिवाळीत पप्पांनी वही दादाजींपुढे ठेवली, त्यांच्या हातावर आपला हात ठेवून पहिली ओळ लिहवली आणि दुकानातल्या लोकांना सरळ सांगितले, "बाबूजींना विसरण्याचा आजार आहे. सहीचा व्यवहार आता माझ्याकडे." एक क्षण कोणी बोलले नाही. मग पवन मावळातला आमचा एक जुना गिऱ्हाईक पुढे होऊन म्हणाला, "शेठ, आमच्या आईचंबी तसंच झालंय. दाखवायचं कुठं?" माल देणाऱ्या एकाही पेढीने त्या वर्षी आमची उधारी तोडली नाही.

आपल्याच घरच्यांची मुलाखत घेण्याची आम्हांला मुभा नाही. म्हणून पप्पांच्या संमतीने माझी एक सहकारी घरी आली. माझे कंत्राट मार्चअखेर संपते, तिचे त्याआधीच. दादाजींशी बोलून झाल्यावर ती पप्पांकडे वळली आणि मी हजारदा विचारलेला प्रश्न तिने विचारला: "बदल कधीपासून जाणवला?"

पप्पा उठले, माळ्यावरून काढलेली वही त्यांनी तिच्यासमोर उघडली आणि म्हणाले, "२०१७ पासून. येथे लिहिलेले आहे."