आमच्या चालीने पाहिलेली दिल्ली

दिवाळीच्या सुट्टीत दिल्लीला जायचे हे आमच्या घरात तीन वर्षे ठरत होते आणि तीन वर्षे मोडत होते. एकदा धाकट्याची परीक्षा, एकदा नणंदेचे बाळंतपण, एकदा घराचे पत्रे. यंदा मात्र ह्यांनी रेल्वेची तिकिटे आधी काढली आणि मग घरात सांगितले. मुलांना मामाकडे ठेवले आणि सासूबाई, हे आणि मी अशी तिघे मिरजेला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो. सोबत पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी आणि सासूबाईंच्या गुडघ्याचे तेल.

पहाडगंजात एका साध्या ठिकाणी उतरलो. पहिल्या दिवशी चारचौघांसारखेच केले. बसमधून 'एका दिवसात संपूर्ण दिल्ली' दाखवणारी सहल घेतली. मैत्रिणींनो, त्या दिवसाचे काय सांगू? नऊ ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे आणि दोन मोठ्या दुकानांत मात्र तब्बल पाऊण पाऊण तास! गाईड मायक्रोफोनवर काहीतरी पाठ म्हटल्यासारखे बोलत होता. 'उतरा, फोटो काढा, चढा.' तिसऱ्या ठिकाणानंतर सासूबाई बसमधून उतरल्याच नाहीत. "तुम्ही या जाऊन. मी इथूनच नमस्कार करते," म्हणाल्या. कुतुबमिनाराला खिडकीतून हात जोडणाऱ्या त्या पहिल्याच असाव्यात!

रात्री खोलीवर मला झोप येईना. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. इतिहास आणि मराठी. सातवी-आठवीच्या मुलांना गेली नऊ वर्षे मी दिल्ली शिकवते आहे. रझिया सुलतान, शहाजहान, पानिपत. ती दिल्ली समोर आली आणि मी तिला बसच्या काचेतून पाहिली. आणखी एकच पूर्ण दिवस हातात होता.

सकाळी मी ह्यांना म्हटले, "उद्या आपण आपला स्वतंत्र गाईड करू या. आणि एक गाडी."

"तीन माणसांना अख्खा गाईड?" हे चहाचा पेला खाली ठेवत म्हणाले. "पाट्या वाचता येतात की आपल्याला!"

"पैसे मी देते," मी म्हटले.

ते म्हणून गेले खरे, पण माझे मलाच दचकायला झाले. माझा पगार काही मोठा नाही. तो आला की मुलांची फी, कुणाचा आहेर, गॅस यांत जिरतो. गाईडचे आणि गाडीचे मिळून माझ्या महिन्याच्या पगाराच्या चौथाईहून थोडे जास्तच होत होते. त्यात एक छानशी साडी आली असती. नऊ वर्षांत फक्त माझ्या हौसेसाठी एवढी रक्कम मी कधी काढली नव्हती. हे काही बोलले नाहीत. सासूबाई मात्र तेल चोळता चोळता म्हणाल्या, "करू दे की तिला. साड्या काय, सांगलीतही मिळतात."

उतरलो होतो तिथल्या व्यवस्थापकांनी पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या एका गाईडबाईंचा नंबर दिला. होय, बाईच! पन्नाशीच्या, सुती साडी, पायांत कापडी बूट, गळ्यात ओळखपत्र. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो असा: "तुम्हाला काय पाहायचंय?" बसमध्ये हा प्रश्न आम्हाला कुणीच विचारला नव्हता. मी जरा गोंधळले आणि म्हणून टाकले, "राजे पुष्कळ शिकवले. बायका कुठे होत्या ते दाखवा."

त्या हसल्या. "मग तीन-चार ठिकाणंच करू. पण सावकाश. माताजींच्या चालीनं."

लाल किल्ल्यात शिरलो तेव्हा गर्दी नव्हती. हवेत धुरकट धुके होते. छत्ता चौकातली दुकाने पार करून, नौबतखान्याखालून आत गेलो. शहाजहानने हा किल्ला १६४८ मध्ये पुरा केला, हे मला पाठ होते. पण रंगमहालापाशी सासूबाईंनी जे विचारले ते माझ्या पुस्तकात नव्हते. "एवढा मोठा बायकांचा खटला इथं राहायचा, तर पाणी कुठून यायचं?"

गाईडबाईंचा चेहरा खुलला. त्यांनी आम्हाला वाकून जमिनीतला संगमरवरी पाट दाखवला. नहर-ए-बहिश्त, म्हणजे स्वर्गातला कालवा. यमुनेचे पाणी वरच्या अंगाने कालव्याने आणून या महालांच्या ओळीतून खेळवलेले होते. एका दालनातून दुसऱ्या दालनात, भिंतींखालून. रंगमहालाच्या मध्यावर संगमरवराचे मोठे कमळ कोरले आहे, त्यात ते पाणी उसळायचे. तेव्हा नदी किल्ल्याच्या भिंतीला लागून वाहत होती. आज ती दूर सरकली आहे आणि तिच्या जागी मोटारींचा रस्ता आहे. "आणि स्वयंपाकघर?" सासूबाईंचा दुसरा प्रश्न. तर ते नाहीच! १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी किल्ल्यातल्या बऱ्याच इमारती पाडल्या, त्यांत जनान्याचाही मोठा भाग गेला आणि त्या जागी सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या. "म्हणजे दिवाणखाना ठेवला आणि माजघर पाडलं," सासूबाई म्हणाल्या. इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आले नसते.

दिवाण-ए-खासमध्ये गाईडबाई जरा घुटमळल्या. "तुम्ही महाराष्ट्रातले ना? मग हे सांगू का?" मी म्हटले, सांगा. या दालनाचे छत पूर्वी चांदीने मढवलेले होते. मयूरासन १७३९ मध्ये नादिरशहाने नेले, हे आपण सगळे शिकतो. छताची चांदी मात्र १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी काढून घेतली आणि वितळवून तिची नाणी पाडली. फौजेला द्यायला पैसा उरला नव्हता.

हे एकदम गप्प झाले. मलाही क्षणभर अवघडल्यासारखे झाले. पानिपत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण येते. पण त्या सैन्याबरोबर हजारो बिनलढाऊ माणसे होती. यात्रेकरू होते, बायका होत्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईही होत्या. १४ जानेवारी १७६१ ला जे झाले त्याच्या आधीचे महिने उपासमारीचे होते. एवढ्या माणसांना रोज जेवू घालायचे कशाने? हा प्रश्न घर चालवणाऱ्या बाईला लगेच कळतो. दुसऱ्याच्या घरातली चांदी काढणे चांगले नाही, हेही कळते. दोन्ही खरे. वर बघत मी ठरवले, की यापुढे वर्गात पानिपत शिकवताना हे छतही सांगायचे.

बाहेर पडलो आणि चांदणी चौकासाठी दोन सायकलरिक्षा केल्या. २०२१ पासून हा रस्ता नव्याने बांधला आहे आणि दिवसा तिथे मोटारी येऊ देत नाहीत, त्यामुळे पूर्वीपेक्षा खूपच बरे वाटते, असे गाईडबाई म्हणाल्या. तोंडाशीच गौरीशंकराचे देऊळ लागले. अप्पा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने ते बांधले असे सांगतात. मघाशी गप्प झालेले हे तिथे जरा सैलावले आणि सासूबाईंनी मनसोक्त दर्शन घेतले.

हा सगळा चौक एका मुलीने आखला, हे तुम्हाला ठाऊक होते का? मला नव्हते. शहाजहानची थोरली लेक जहाँआरा. १६३१ मध्ये मुमताजमहल बाळंतपणात गेली तेव्हा ही सतरा वर्षांची होती आणि बादशहाच्या घराची किल्ली तिच्या हाती आली. रस्त्याच्या मधोमध तिने कालवा खेळवला होता, चौकात मोठे तळे होते. चांदणे त्यात पडायचे, म्हणून चांदणी चौक, अशी आख्यायिका. प्रवाशांसाठी तिने प्रशस्त सराई बांधली होती. तीही इंग्रजांच्या अमदानीत गेली आणि तिच्या जागी टाऊन हॉल उभा राहिला. आज तिथे लग्नाचे बस्ते, किनारी, झुंबरे यांचीच गर्दी. गाईडबाईंनी आम्हाला एकाही दुकानात नेले नाही. मीच किनारी बाजारात थांबून शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी चार मीटर जर घेतली.

पराठे खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता एक जागा. तिथे बस जात नाही."

सीतारामबाजारातून तुर्कमान दरवाज्याच्या बाजूला गेलो. रिक्षाही पुढे जाईना. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. वर विजेच्या तारांचे जाळे, खाली बकऱ्या. सासूबाईंचा एक हात ह्यांच्या खांद्यावर, दुसरा गाईडबाईंच्या हातात. मला वाटले, आपण उगीच त्यांना इथे आणले. एवढ्यात गल्ली वळली आणि घरांच्या भिंतींमध्ये एक मोकळे अंगण आले. अंगणात दगडाची दोन थडगी. छप्पर नाही, नक्षी नाही, त्यांच्यावर नावही नाही.

"ही रझिया," गाईडबाई म्हणाल्या. दुसरे थडगे तिच्या बहिणीचे मानतात. रझियाची कबर हरियाणातल्या कैथलला आहे असाही दावा आहे, तेही त्यांनी सांगितले.

नऊ वर्षे मी ही बाई शिकवते आहे. अल्तमशची मुलगी. मुलांपेक्षा हीच राज्य सांभाळील असे तिच्या बापाला वाटले. १२३६ मध्ये ती दिल्लीच्या तख्तावर बसली, पडदा टाकून दरबार करू लागली, हत्तीवरून फिरू लागली. सरदारांना ते सोसले नाही. १२४० मध्ये सगळे संपले. फळ्यावर मी हे दोन ओळींत लिहिते आणि पुसून टाकते. इथे वरच्या एका खिडकीत कुणी बाई कपडे वाळत घालत होती. लसणीच्या फोडणीचा वास येत होता. मला एकदम भरून आले. का ते मला नीट सांगता येणार नाही. सासूबाईंनी पिशवीतून देवळातली उरलेली फुले काढली आणि थडग्यावर ठेवली. "कुणाची का असेना, लेक होती," एवढेच म्हणाल्या. हे बूट काढून एका बाजूला उभे होते.

दुपार कलता कलता गाडीने हुमायूनच्या मकबऱ्याला गेलो. ताजमहाल बादशहाने राणीसाठी बांधला, हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्याच्या कितीतरी आधी, अकबराच्या काळात, हा मकबरा हुमायूनच्या विधवा राणीने, हाजी बेगमने, नवऱ्यासाठी उभारला. पुढे ताजमहाल बांधताना हा नमुना डोळ्यांपुढे होता असे जाणकार मानतात. तांबडा दगड, पांढरा घुमट, बागेचे चार भाग आणि त्यांतून पाण्याचे पाट. सासूबाई हिरवळीकडेच्या बाकावर तासभर निवांत बसल्या आणि गाईडबाई त्यांच्याशेजारी. दोघींच्या सुना, गुडघे आणि मेथीचे लाडू, सगळे बोलून झाले. बसच्या सहलीत असा तास कुठला!

शेवटी जवळच्याच निजामुद्दीन दर्ग्यात. अगदी आतल्या कबरीपाशी बायकांना जाऊ देत नाहीत. हे जाऊन आले, आम्ही जाळीबाहेर. मला ते खटकले, आणि मी ते बोलूनही दाखवले. गाईडबाई म्हणाल्या, "इकडे या, तुमची ओळख आहे." त्याच आवारात संगमरवरी जाळीच्या आड जहाँआरा निजलेली आहे. सकाळी जिचा चौक पाहिला, तीच. म्हाताऱ्या, कैदेत पडलेल्या बापाची तिने आग्र्यात अखेरपर्यंत सेवा केली आणि १६८१ मध्ये ती गेली. एवढी धनवान शहजादी, पण तिच्या कबरीवर घुमट नाही. गवतच माझे पांघरूण व्हावे, अशी तिची इच्छा तिथे फारसीत कोरलेली आहे. आणि कबरीवर खरोखरच माती आणि हिरवे गवत.

माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तुम्हीही अशी सहल करणार असाल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. गाईडचे ओळखपत्र आधी पाहा. किती तासांचे किती पैसे, गाडी धरून की गाडीशिवाय, जेवणाची वेळ धरलेली आहे का, हे आदल्या दिवशीच ठरवून घ्या. 'आम्हाला खरेदी करायची नाही' हे सुरुवातीलाच गोड शब्दांत सांगून टाका. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, तो दिवस धरू नका. दिवसाला तीन-चार ठिकाणे पुरेत. डोके झाकायला ओढणी किंवा पदर, सहज काढता येतील अशा चपला आणि घरचे पाणी जवळ असू द्या. खर्च जड वाटला तर आणखी एखादे कुटुंब सोबत घ्या. आणि मुख्य म्हणजे विचारायला लाजू नका. पाण्याचा, चुलीचा प्रश्न हा काही खालच्या दर्जाचा प्रश्न नव्हे. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्या दिवशी सगळ्यांत चांगले प्रश्न त्यांचेच होते.

शाळा उघडल्यावर रझियाचा धडा आला. त्या अंगणाचे सांगितले, तर मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तिच्या आईचं नाव काय होतं?" मला सांगता आले नाही. शोधून सांगते म्हटले, आणि सध्या शोधते आहे.

आणि हे? परवा शेजारचे काका जयपूरला निघाले, तर हे त्यांना फाटकापाशी थांबवून सांगत होते, "बसबिस घेऊ नका. गाईड आपला स्वतंत्र असावा, माझं पहिल्यापासून हेच मत आहे!"