उघडी मूठ दीड कोटींची

कधी एकदा सांगतो असं झालंय! लातूरजवळ हरंगुळला रेल्वेडब्यांचा कारखाना आहे आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथून पहिला सांगाडा बाहेर पडला, हे आपल्याला ठाऊकच. त्याच्याबद्दल वाचता वाचता रेल्वेचं 13 जून 2022 चं धोरण हाती लागलं आणि मी उडालोच. रेल्वेने स्वतःच्या 11 अडचणी चक्क जगजाहीर केल्या होत्या! रूळ तुटला तर लगेच कळावं. रूळ झाडणारं यंत्र हवं. मिठासाठी हलकी वाघीण, म्हणजे मालडबा, हवी.

ही वाघीण काही केल्या डोक्यातून जाईना. मीठ लोखंड खातं, म्हणून ती गंजायला नको. आणि जितकी हलकी, तितकं मीठ जास्त. एवढे इंजिनिअर पदरी असताना रेल्वे गावाला विचारते, तुम्हाला काही सुचतंय का? सुचलं तर 2022 च्या त्या धोरणाप्रमाणे निम्मा खर्च तिचा, दीड कोटींपर्यंत, काम पुढे सरकेल तसतसा. आणि शोधाचा हक्क शोधणाऱ्याचाच! आपल्या बाजारपेठेत झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे मूठच उघडून दाखवलीय.

कॅनडाच्या गोल्डकॉर्पने तर 2000 साली रेड लेक खाणीची सगळी भूगर्भीय माहिती इंटरनेटवर टाकली: सांगा, सोनं कुठे आहे? बक्षिसं पावणेसहा लाख डॉलरची. पहिलं पटकावलं ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी, खाण न बघता!

आणि आपल्याकडे? लातूरच्या डाळमिलमध्ये तुरीला तेल-पाणी लावून वाळवायचं, मग भरडायचं. ऊन नसेल तर वाळवण अडतं, आणि भरडताना डाळ फुटली की चुरी. चुरीला डाळीचा भाव कोण देणार? ही अडचण मिलच्या फाटकाबाहेर का येत नाही? नांदेडला विष्णुपुरीत गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत हुशार पोरं आहेत. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये 2017 पासून देशभरातली अशी पोरं मंत्रालयांचे आणि कंपन्यांचे प्रश्न सहा-सहा जणांच्या चमूने सोडवतात. मग आपल्या तुरीचा प्रश्न का नको?

अर्थात ‘काहीतरी नवीन सुचवा’ एवढ्याने भागणार नाही. ओलावा किती, चुरी किती, खर्च किती परवडतो, हे आकड्यांत लिहावं लागेल. मिलमालकांनो, या हंगामात एक, फक्त एक अडचण जाहीर करा. बक्षीस किती आणि हक्क कुणाचा, तेही त्याच कागदावर लिहा.