पहिल्या बल्बानं वीज खाल्ली का?

आठवीचं विज्ञान वाट्याला येईपर्यंत माझी सगळी नोकरी पहिली ते चौथीच्या वर्गांत गेली. फळा, खडू, चिंचोके आणि मणिमाळ एवढ्यावर माझं छान भागत होतं. करोनाच्या काळात व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंका पालकांना पुढे पाठवल्या, तेवढाच माझा ऑनलाइन शिक्षणाशी संबंध. मग समायोजनात पाटण तालुक्यातल्या डोंगराकडच्या आठवीपर्यंतच्या शाळेत आले. तिथं लोकवर्गणीतून घेतलेला मोठा स्मार्ट टीव्ही वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, टीव्ही आता तुमच्या ताब्यात. ऑनलाइन साहित्य भरपूर आहे, कोर्सही आहेत. बघून घ्या."

बघायला गेले तर कुठून सुरुवात करावी तेच कळेना. दीक्षा, निष्ठा, स्वयं, ई-बालभारती, ई-पाठशाला, स्टोरीवीव्हर, जिओजेब्रा. प्रत्येक जण वेगळं नाव सांगे, आणि 'सोपं आहे, उघडलं की कळतं' असंही सांगे. मला यातलं अॅप कुठलं, कोर्स कुठला आणि शिकवण्याचं साहित्य कुठलं, एवढंसुद्धा उलगडत नव्हतं. हे इतकं प्राथमिक होतं की विचारायचा संकोच वाटायचा. म्हणून माझ्यासारख्या कुणासाठी आधी तेच लिहून ठेवते. दीक्षा हे केंद्र सरकारचं व्यासपीठ, सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेलं. त्यावर मुलांसाठीचं साहित्यही आहे आणि शिक्षकांसाठीचे कोर्सही. निष्ठा हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम. तो ऑगस्ट २०१९ मध्ये समोरासमोरच्या वर्गांनी सुरू झाला आणि करोनामुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून दीक्षावर आला. स्वयं मुख्यतः महाविद्यालयीन आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी. बालभारतीच्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक कोड छापलेला असतो. कॅमेरा चालत नसेल तर तो दीक्षावर टाइप करूनही त्या धड्याचं साहित्य उघडतं. एवढं कुणी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं असतं, तर माझा बराच गोंधळ वाचला असता.

पाठ्यपुस्तकातल्या या क्यूआर कोडची गोष्ट आपल्या महाराष्ट्राशी जवळून जोडलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचा प्रयोग केला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. ती बातमी आली तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानानं स्टेटस ठेवले होते. पण असा एखादा कोड मी स्वतः उघडला तो आठवीच्या वर्गावर आल्यावरच.

मी एका प्रशिक्षणाला गेले. सभागृह भरलेलं, पुढे पडदा. साधनव्यक्ती मन लावून सांगत होते, त्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. पण दुपारपर्यंत इतकी अॅप पडद्यावरून गेली की वही भरली आणि डोकं रिकामंच राहिलं. प्रश्नमंजुषा कशी बनवायची, व्हिडिओ कसा जोडायचा, गुगल फॉर्म कसा पाठवायचा. प्रत्येकाचं 'कसं' होतं. यातलं काय, कोणत्या धड्याला आणि कशासाठी, हे मात्र आपलं आपण ठरवायचं होतं. नेमकं तेच मला येत नव्हतं.

ऑनलाइन कोर्सची तऱ्हा थोडी वेगळी. गावात रेंज नाही, म्हणून मी संध्याकाळी वरच्या रस्त्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसायची. व्हिडिओ बघायचा, मजकूर वाचायचा, शेवटची चाचणी सोडवायची, ७० टक्के मिळाले की प्रमाणपत्र. मजकुरात चांगल्या गोष्टी होत्या, हे आज मी खात्रीनं सांगते. पण तेव्हा माझं लक्ष कोर्स पूर्ण होण्याकडे होतं. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज विचारणा असायची ती किती जणांचं पूर्ण झालं याची. काय शिकलात, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

या गुंत्यातून मला बाहेर काढलं आमच्याच शाळेतल्या गणिताच्या सरांनी. वयानं माझ्याहून बरेच लहान. शाळा सुटल्यावर मी टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलेली बघून ते शेजारी येऊन बसले. मी विचारलं, "सर, विज्ञानाला सगळ्यात चांगलं अॅप कुठलं?" त्यांनी अॅपचं नावच घेतलं नाही. म्हणाले, "ताई, आता कुठला धडा चालू आहे? आणि त्यात पोरं अडतात कुठं?"

धडा होता धाराविद्युत आणि चुंबकत्व, आठवीच्या पुस्तकातला चौथा. पोरं कुठं अडतात हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच आठवड्यात मी अडून बसले होते. एका शेलला दोन बल्ब एकामागून एक जोडले, म्हणजे एकसर जोडणीत, तर पहिला बल्ब थोडी वीज वापरतो आणि उरलेली दुसऱ्याकडे जाते, असं वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांचं मत होतं. "पैल्यानं खाल्ली की वो बाई, मग दुसऱ्याला कमीच मिळणार." मी खरे बल्ब जोडून दाखवले. पण बाजारातले टॉर्चचे दोन बल्ब तंतोतंत सारखे नसतात. त्यातला एक जरा मंद लागला आणि मुलांचं चुकीचं मत आणखी घट्ट झालं. शाळेच्या पेटीतल्या अॅमीटरचा काटा जागचा हलत नव्हता.

सरांनी फेट उघडलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. विज्ञान आणि गणितातल्या कल्पना हाताळून बघता येतील अशी ही चलत्-प्रतिरूपं आहेत, मोफत, आणि त्यांतली कितीतरी मराठीतही आहेत. आमच्यासाठी सगळ्यात मोलाची बाब अशी, की एकेक प्रतिरूप फाइल म्हणून उतरवून घेता येतं आणि नंतर इंटरनेट नसतानाही साध्या ब्राउझरमध्ये चालतं. सरांनी घरून फाइल पेन ड्राइव्हवर आणली. टीव्हीला शाळेचा जुना लॅपटॉप जोडला. बसथांब्यावर जायची गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशीचा तास मी सविस्तर सांगते, कारण माझं शिक्षण त्या तासात झालं.

पडद्यावर एका बाजूला बॅटरी, वायर, बल्ब, कळ असं सगळं मांडलेलं. ओढून आणायचं आणि जोडायचं. सरांनी आदल्या संध्याकाळी एकच गोष्ट बजावली होती: दाखवण्याआधी मुलांकडून अंदाज लिहून घ्या. म्हणून दोन बल्ब एकसर जोडले आणि कळ दाबण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहायला लावलं, कुठला जास्त उजळेल. बहुतेकांनी 'पहिला' लिहिलं. मग एका मुलीला पुढे बोलावून कळ दाबायला सांगितली. दोन्ही बल्ब सारखेच, आणि एकट्या बल्बापेक्षा दोन्ही मंद. वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बल्बाच्या अलीकडे, दोघांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या पलीकडे अॅमीटर लावले. तिन्हीकडे एकच आकडा. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजी वीज संपतच न्हाई?" मग संपतं काय? शेलमधली ऊर्जा. धारा तेवढीच फिरत राहते, ऊर्जा मात्र बल्बात उष्णता आणि प्रकाश होऊन जाते. हा फरक मी आधी फळ्यावर लिहून दिला होता आणि मुलांनी उतरवूनही घेतला होता. त्या दिवशी तो त्यांनी स्वतः विचारून मिळवला.

आणखी एक गोष्ट त्या पडद्यानं दाखवली जी खऱ्या वायरीत कधीच दिसणार नाही. इलेक्ट्रॉन निळ्या ठिपक्यांसारखे सगळ्या वायरीभर आधीपासूनच भरलेले असतात. कळ दाबली की सगळीकडचे एकदमच सरकू लागतात, आणि वायर कुठंही तोडली की सगळीकडचे एकदमच थांबतात. शेलमधून पाण्यासारखे बाहेर पडून ते बल्बापर्यंत चालत जातात, असं मुलांना वाटत होतं. खरं सांगायचं तर डोळ्यांसमोर हे चित्र उभं करता येईल असं दुसरं कुठलंही साधन माझ्याकडे नव्हतं.

एका मुलानं बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरीनं जोडली. पडद्यावर बॅटरीनं पेट घेतला. मग काय, प्रत्येकाला ती पेटवायची होती. मी पेटवू दिली आणि विचारलं, का पेटली? त्यावरून गावात विजेच्या तारेवर टाकलेल्या आकड्यांपर्यंत, शॉर्टसर्किटपर्यंत आणि फ्यूज कशासाठी असतो इथपर्यंत चर्चा गेली. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

पुढच्या तासाला खरे शेल, वायरी आणि बल्ब घेऊन गटागटानं तेच करून पाहिलं. तिथं एका मुलीनं मला पकडलं. समांतर जोडणीत पडद्यावर दोन बल्ब लावले तरी पहिला मंद होत नव्हता. तिच्या हातातला मात्र किंचित मंद झाला. "बाई, टीव्हीत तर असं झालं न्हवतं." मी तिला सांगितलं, उद्या सांगते, मलाही शोधावं लागेल. संध्याकाळी मी आणि सर पुन्हा ते प्रतिरूप उघडून बसलो. त्यात अधिक पर्यायांच्या कप्प्यात बॅटरीचा स्वतःचा रोध कमी-जास्त करायची सोय आहे. सुरुवातीला तो जवळजवळ नसल्यासारखाच धरलेला असतो. खऱ्या शेलला, विशेषतः जुन्या, स्वतःचा अंतर्गत रोध असतो. तो वाढवला आणि पडद्यावरचे बल्बही तिच्यासारखेच मंद झाले. दुसऱ्या दिवशी ती सरकपट्टी तिच्याच हातात दिली. पडदा दाखवतो ते सोपं केलेलं जग असतं, हे मला त्या मुलीनं शिकवलं. म्हणूनच खरे शेल आणि बल्ब बाजूला ठेवून नुसता टीव्ही लावणं मला मान्य नाही. अरविंद गुप्ता यांच्या टाकाऊतून बनवलेल्या विज्ञान खेळण्यांची आणि मराठी पुस्तकांची वेबसाइट मी याच काळात पहिल्यांदा नीट पाहिली, आणि आता दोन्ही हातांनी वापरते: एका हातात पडदा, दुसऱ्या हातात वायर.

यानंतर मी निष्ठामधला अध्यापन-अध्ययनात आयसीटी वापरण्याविषयीचा भाग पुन्हा वाचला. तीच वाक्यं होती, पण आता प्रत्येक वाक्याला माझ्या वर्गातलं एक उदाहरण होतं. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं होतं की शिक्षकाकडे विषयाचं ज्ञान असतं, शिकवण्याचं ज्ञान असतं, आणि या विषयात मुलं नेमकी कुठं अडतात याचं एक तिसरंच ज्ञान असतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाची जोड दिली. टीपॅक म्हणून ओळखली जाणारी त्यांची मांडणी हीच. तंत्रज्ञान एकटं शिकून उपयोग नाही, ते विषयाशी आणि शिकवण्याच्या रीतीशी जुळलं पाहिजे. इतका जाडजूड सिद्धान्त मला कळला, कारण गणिताच्या सरांनी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला होता. आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. पोरं कुठं अडतात हे इतकी वर्षं शिकवलेल्या बाईला ठाऊक असतंच. नवख्या शिक्षकाला अॅप चालवता येतं, जुन्याला अडचण ठाऊक असते. दोघांना एका बाकावर बसवलं की काम होतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकानं दर वर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे आहेत. ही संख्या मला मुळीच जास्त वाटत नाही. हे तास सगळेच्या सगळे व्हिडिओ बघण्यात आणि चाचण्या सोडवण्यात जाऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे. शाळा सुटल्यावर सर माझ्याशेजारी बसले तो वेळ कुठल्याच प्रमाणपत्रात आला नाही. त्या मुलीच्या प्रश्नासाठी आम्ही घालवलेली संध्याकाळही आली नाही. माझ्या मते या वर्षातलं माझं खरं प्रशिक्षण तेवढंच होतं.

केंद्रप्रमुखांना आणि डाएटमधल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. महिन्याच्या शिक्षण परिषदेत नवं अॅप दाखवण्याऐवजी एखाद्या शिक्षकाला एक धडा घेऊन उभं करा. मुलं कुठं अडली, काय वापरलं, काय झालं, हे त्याला दहा मिनिटं सांगू द्या. नंतर दोघादोघांना एका लॅपटॉपसमोर बसवा आणि तो वेळ ५० तासांत मोजा. आठवीच्या चौथ्या धड्याची फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. केंद्रातल्या ज्या शाळेला हवी असेल, तिनं निरोप पाठवावा. मी स्वतः घेऊन येईन आणि शेल-वायरीची पिशवीही बरोबर आणेन.