उजवी बाजू

आमच्या घरी 1997 सालची मारुती 800 आहे. ती वडिलांनी घेतली आणि चोवीस वर्षे वडिलांनीच चालविली. त्यांच्यामागे दोन वर्षे ती इंदूरच्या आमच्या जुन्या घरापुढे धूळ खात उभी होती. ती विकावी, असे धाकट्या बंधूंचे मत होते. आईचे मत कोणी विचारलेच नव्हते. एके दिवशी तीच म्हणाली, "उज्जैनला जायचे तर याच गाडीने." मग आम्ही गाडी मिस्त्रींकडे नेली.

मिस्त्रींनी पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायची, ती तीनदा डुलली. शॉकरमधले तेल गळून बाहेर काळा चिकट थर साचला होता. या गाडीला पुढे मॅक्फर्सन स्ट्रट असतात. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकर एकाच खांबात बसविलेले. ते जोडीनेच बदलावयाचे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जिवावर बेतते, म्हणून मिस्त्रींनी आम्हास दूर उभे केले.

काम झाले, तरी गाडी उजवीकडे कललेलीच दिसली. आम्हास लगेच संशय आला. मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी चाकांतली हवा सारखी केली, सपाट फरशीवर गाडी पुढेमागे ढकलून बसू दिली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरली. उजवी बाजू बारा मिलिमीटर खाली होती.

"भाऊसाहब, ऊँचाई शॉकर नहीं, स्प्रिंग देती है," ते म्हणाले. "नाप खोलने से पहले लेना था." मग सहज विचारले, "गाड़ी अकेले चलाते थे क्या, बाबूजी?"

आम्ही मान हलविली. वडील दर रविवारी सकाळी देवासच्या रस्त्याने एक फेरी मारीत. निघताना दारातून विचारीत, "येतोस का रे?" आम्हास नेहमीच काहीतरी काम असे. पुढे पुढे ते विचारण्यापुरतेच विचारीत. स्प्रिंग खचायला जुनेपण, खड्डे अशी इतर कारणेही असतात, हे आम्ही जाणतो. तरी ते बारा मिलिमीटर आम्हास नुसते माप वाटेनात.

दोन्ही स्प्रिंगा नव्या घातल्या. मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागली, ती आमच्या संशयाची किंमत. चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. पुन्हा मोजले, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या भरल्या.

उज्जैनला निघताना आई डावीकडे बसली. तिने सीटवरून हात फिरविला आणि म्हणाली, "अजून नवीच आहे."

आम्ही उत्तर दिले नाही. परतल्यावर मात्र धाकट्या बंधूंस फोन करून विचारले, "रविवारी येतोस का रे?"