हैदोस

मराठी वर्तमानपत्र उघडलं की ‘हैदोस’ हा शब्द अधूनमधून भेटतोच. बिबट्याचा हैदोस, वाळूमाफियांचा हैदोस, मोकाट कुत्र्यांचा हैदोस. तो आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही. जुन्या मराठी शब्दकोशांत त्याचा माग काढत गेलं की आपण मोहरमच्या अलाव्यापाशी पोहोचतो. आगीभोवती नाचताना लोक ‘हाय दोस्त, दुल्हा’ असा घोष करायचे. त्याचं ‘हैदोसदुल्ला’ झालं, मग नुसतं ‘हैदोस’. दुल्हा म्हणजे करबल्यात कोवळ्या वयात शहीद झालेले हजरत कासिम, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. एका नवरदेवासाठी केलेला आक्रोश मराठीत धिंगाणा होऊन बसला.

माझं आजोळ देगलूरकडचं. तिथला अलावा म्हणजे आशुरखान्यापुढचा गोल खड्डा. मोहरमचा चाँद दिसला की त्याच्यावर कुदळ पडायची. लाकडं घरोघरची. रात्री जेवणं उरकली की आग पेटायची, हलगी कडाडायची आणि माणसं गोल धरायची. दोन पावलं पुढं, एक मागं. मागच्या पावलाला कमरेत झुकायचं आणि घोष द्यायचा. सुरुवातीला फेर संथ असायचा. लय चढली की आतल्या फेरात फक्त जाणती माणसं उरायची, पोरं बाहेर. दहाव्या दिवशी सवाऱ्या थंड झाल्या की खड्डा बुजवायचा.

हलगी मातंगांची, लाकडाचा मान पाटलाचा, नवस मराठा-लिंगायत बायांचे. एक सवारी तर मराठ्याच्या घरात बसायची. फातेहा द्यायला तेवढा मुजावर लागायचा. अशी गावं मराठवाड्यात कमी नव्हती.

आता गंमत पाहा. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत ‘मॉरिस’ नावाचा नाच आहे. सहा जण दोन रांगांत समोरासमोर उभे राहतात, नडगीला घुंगरं बांधतात आणि हातातले रुमाल उडवत किंवा काठीवर काठी मारत नाचतात. आपल्याला टिपऱ्या आणि लेझीम आठवावी असा प्रकार. १४४८ साली लंडनच्या सोनारांच्या संघाने या नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची नोंद आहे. अभ्यासक सांगतात, ‘मॉरिस’ म्हणजे ‘मूरिश’, मूरांचा. मूर म्हणजे स्पेन आणि उत्तर आफ्रिकेतले मुसलमान. नाचात मूर कुठेच नाहीत, नावात आहेत. आणि त्याच इंग्रजांच्या शिपायांनी हिंदुस्थानात ‘या हसन, या हुसेन’ ऐकलं आणि त्याचं ‘हॉब्सन-जॉब्सन’ केलं. १८८६ साली छापून आलेल्या यूल आणि बर्नेल यांच्या कोशाला हेच नाव मिळालं.

परक्याच्या तोंडी शब्द मोडतो, त्याची तक्रार नाही. पण इंग्रज आपला मॉरिस नाचतात, हौसेने शिकतात, पोरांना शिकवतात. आपल्याकडे उलटं झालं. हैदोस रोज छापून येतो आणि अलावा विझत चाललाय. शहरातून शिकून आलेली आमची पोरं म्हणतात, हे बिदअत आहे, आगीभोवती नाचणं दीनमध्ये बसत नाही. तिकडच्या पोरांना कुणीतरी सांगितलंय, पीर आपला देव नव्हे. दोघंही आपापल्या जागी ठाम आणि मधली जागा रिकामी.

मसला सांगायला उलेमा आहेत, मी त्यात पडत नाही. ज्याच्या मनाला पटत नाही, त्याने नाचू नये. पण वर्षातले दहा दिवस अख्खं गाव एका परदेशी शहीदासाठी रडत होतं, आणि आपल्याला येत होतं तसं, म्हणजे हलगीवर रडत होतं, हे तरी आपल्या मुलांना माहीत असावं. नाहीतर आपल्याबद्दल मराठीत उरेल तो फक्त धिंगाणा.

आजोळच्या हलगीवाल्या मामांना ती लय अजून येते. त्यांच्या मुलाला येत नाही. तुमच्या गावात अलाव्याची हलगी कोण वाजवायचं? म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या.