पोथीचे छत्तीस अध्याय

आमच्या दापोऱ्यात घरी मराठी बोलायची आणि शाळेत हिंदी शिकायची, अशीच माझ्या पिढीची वाटणी होती. जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, बऱ्हाणपूर मात्र मध्य प्रदेशातच राहिले. माझे सारे शिक्षण हिंदीतून झाले. मराठी वाचायला मी आपला आपणच शिकलो.

लिपी एकच, मग शिकायचे ते काय, असे पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारतात. इकडच्या वाचकांना ते सांगायला नको. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. तिकडे चेष्टा म्हणजे प्रयत्न, इकडे थट्टा. संशोधन तिकडे दुरुस्तीचे, इकडे शोधाचे. आत्मा तिकडे ती, इकडे तो. पुस्तक तर इकडे ना तो ना ती, ते! मी जळगावहून व्याकरणाचे एक पुस्तक मागवले होते. लिंगविचारापाशी घातलेली खूण अजून तिथेच आहे.

आजोबा दर चातुर्मासात श्रीधरस्वामींचा हरिविजय वाचत. ते गेले त्या वर्षी, म्हणजे १९९१ साली, पोथी फडक्यात बांधलेलीच राहणार असे दिसत होते. आजीला अक्षरओळख नव्हती. एके संध्याकाळी तिने पोथी माझ्यापुढे ठेवली. मी अठरा वर्षांचा, केळीच्या बागेत दिवसभर पाणी धरून आलेला. दोन-चार ओव्या वाचल्या असतील, तोच ती म्हणाली, "भाऊ, हे तं तू हिंदी बोलू राह्यला!"

तिला वाचता येत नव्हते, पण चाळीस चातुर्मास ऐकून पोथी कानात बसली होती. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते. 'ळ'चा 'ल' केला की यमक तुटते, आणि ते तुटले की तिची मान हलायची थांबे. तेवढ्याने मला कळायचे. 'चार'चा च आणि 'चाका'चा च लिहायला सारखाच, तरी उच्चार निराळा. तो भेद घरच्या बोलीमुळे जिभेवर होता, डोळ्यांना मात्र नव्याने शिकवावा लागला. छत्तीस अध्याय. दमून झोप यायची, पण ओट्यावर आजी जोत लावून बसलेली असे. तिला आज नको म्हणण्यापेक्षा वाचणे सोपे होते. चिकाटी म्हणतात ती माझ्याजवळ फार होती असे मला वाटत नाही.

पुढल्या वर्षी तिने चौसष्ट अध्यायांचा पांडवप्रताप काढायला लावला. एकेचाळिसावा चालू असताना ती गेली. उरलेले तेवीस मी पुरे केले, पण खरी अडचण त्यानंतरची. ऐकणारे कोणी नसले की संध्याकाळ आपोआप दुसऱ्या कामांना जाते.

त्याच सुमारास धर्मानंद कोसंबींचे 'निवेदन' हाती आले. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्मलेला हा माणूस. 'बालबोध' मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि १८९९ मध्ये घर सोडले. संस्कृतासाठी पुणे, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून अभ्यास. पाली शिकायला १९०२ मध्ये थेट सिंहलद्वीप, आणि १९१० मध्ये अमेरिकेत हार्वर्डला. लोक त्यांच्या निश्चयाचे कौतुक करतात. मला मात्र निराळेच दिसले: या माणसाला एकट्याने शिकायचा अट्टहास नव्हता. अडले की तो शिकवणाऱ्याच्या शोधात चालू लागे, मग तो समुद्रापलीकडे का असेना.

मला तेवढे चालणे जमणारे नव्हते. मी रावेरच्या मावशीला दर अमावस्येला मराठीत पोस्टकार्ड घालू लागलो. ती चुकांखाली शाईची रेघ मारून तेच कार्ड पाकिटात घालून परत पाठवी. मावशी शिक्षिका नव्हती, पण चूक दिसली की तिला राहवत नसे.

आता पुतण्या बऱ्हाणपूरला हिंदी माध्यमात सातवीत आहे. आमचे गाव २००३ पासून त्याच जिल्ह्यात आले. त्याला पोथीची गोडी नाही. पण माझ्या भावाचे डोळे अधू झाल्यापासून रावेरचे केळीचे भाव मराठी पेपरातून तोच वाचून दाखवतो. परवा 'आवक वाढल्याने दर उतरले' हे वाक्य त्याने एका दमात म्हटले आणि लगेच विचारले, "काका, आवक म्हणजे आमदनीच ना?" भावाने खाटेवरूनच सांगितले, "नाही रे, बाजारात आलेला माल. वाच पुढे."