पाहुणे येतात, घरचे नाहीत

भादवा सरत आला की वाडीतल्या घराच्या ओट्यावरून जे दिसायचे, त्यातले आता जे दिसत नाही त्याची ही यादी. पूर्वेला तुंगारेश्वराचा डोंगर, पश्चिमेला अर्नाळ्याचा किनारा, मध्ये आमचे वसईतले नंदाखाल. मुंबईपट्टीतून पाऊस साधारण 8 ऑक्टोबरला माघार घेतो. यादीतले बहुतेक त्याच्या आगेमागेचे.

सुगरण. विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांना खोपे. नर पाती चिरून विणायचा, मादी येऊन पाहायची, पसंत पडला नाही तर अर्धा खोपा तसाच टाकून तो दुसरा धरायचा. पाती भाताची, दाणाही भाताचा. भात गेले, त्या जागी गाळे आले. माड अजून उभा आहे.

गिधाड. कोकणात उंच माडा-आंब्यांवर त्यांची घरटी असत. मेलेल्या गुरांच्या अंगातल्या डायक्लोफेनॅक या औषधाने ती जवळजवळ संपली. गुरांसाठी त्या औषधावर 2006 साली बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता.

बावखल. हा प्राणी नव्हे, पण यादीतले निम्मे त्याच्याच आश्रयाचे. माती काढली, खड्डा राहिला, त्यात पाऊस साठला. ते पाणी मुरून शेजारच्या विहिरी भरायच्या. समुद्र इतका जवळ असूनही विहिरीचे पाणी गोड राहायचे, त्यात बावखलाचा वाटा मोठा. काठच्या झुडपात लाजरी पाणकोंबडी, वर वाकलेल्या फांदीवर खंड्या, चिखलात मोठा बेडूक. पहिल्या पावसात नर पिवळाधमक व्हायचा. बेडकांच्या पायांची निर्यात सरकारने 1987 साली बंद केली, ते बरेच झाले. पण बेडकाला आधी पाणी लागते. बावखल एका दिवसात बुजत नाही. आधी शहाळ्यांची टरफले, मग प्लास्टिक, मग कुणाच्या तरी पाडलेल्या घराचा राडारोडा, शेवटी मातीचा डंपर. तोवर त्याला वास सुटलेला असतो, म्हणून डंपर आला तरी कुणी हळहळत नाही. उलट मच्छर गेले म्हणतात.

रहाट. बैल थकला की पाणी थांबायचे, विहिरीलाही दम खायला मिळायचा. मोटार थकत नाही.

कांडेचोर, म्हणजे उदमांजर. मंगलोरी कौलांखाली, माळ्यावर वस्ती. रात्री धावपळ, सकाळी केळीच्या घडातली पिकलेली तेवढी गायब. आजी त्याला शिव्या घालायची आणि घड मात्र त्याच जागी टांगायची. स्लॅबच्या घराला माळा नसतो.

कोल्हेकुई. कोल्हे मुंबईच्या आसपास खाडीकाठच्या तिवरांत अजून आहेत. ओट्यावर आवाज पोचत नाही, मध्ये रस्ता आहे.

मुंगूस, भारद्वाज, वटवाघूळ यांची नावे यादीत घालत नाही. ती आहेत. भारद्वाज सिमेंटच्या कुंपणावरूनही ऐटीत चालतो.

आता नवलाची गोष्ट. लांबचे पाहुणे चुकत नाहीत. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून येणाऱ्या भोरड्या श्रावणभादव्यात किनारपट्टीवर उतरतात. हिमालयाकडचा करडा धोबी सप्टेंबरात शेपटी हलवत हजर. पाठोपाठ उत्तरेचा हळद्या येतो, आंब्याच्या शेंड्यात लपतो, पिवळा असून सापडत नाही. याच सुमारास तुंगारेश्वराच्या रानातला नवरंग पिल्ले वाढवून निघून जातो. ज्यांना चार महिने टेकायला एक झाड पुरते त्यांचे अजून चालले आहे. बारा महिने इथेच राहणाऱ्यांना पाणी, भात, कौले, सगळेच लागायचे. ते आधी गेले.

हरित वसईच्या लढ्याचे नेते फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे. त्या लढ्यात मागणी पाण्याची आणि हिरव्या पट्ट्याची होती. पाखरे त्यात आपोआप आली. 25 जुलै 2024 रोजी फादर गेले. त्यांना या यादीत धरावे का, मी ठरवलेले नाही.

तुमच्या वाडीत बावखल उरले असेल तर त्यात राडारोडा टाकू नका, शेजाऱ्यालाही टाकू देऊ नका. पाखरांसाठी आणखी काही केले नाहीत तरी चालेल.